पाण्याची रेघ

कल्पना माझी, त्यामुळं शिव्या खायचा पहिला मानही माझाच. म्युनिसिपालटीच्या शाळेत चित्रकला शिकवून बावीस वर्षं झाली. दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य बघून बघून डोळे आंबले होते. म्हटलं, आता आपली गल्लीच रंगवू. गल्ली पंचगंगेच्या अंगाला. एकोणीस सालच्या पुरात पाणी जिथवर चढलं, तिथं प्रत्येक घराच्या भिंतीवर एक गढूळ रंगाची रेघ मारायची आणि रेघेखाली त्या घरानं आपलं चित्र काढायचं. नियम एकच. आपल्या डोळ्यांनी दिसलं तेच काढायचं. ऐकलेलं नाही, मोबाइलवर आलेलं तर नाहीच नाही.

पहिला विरोध तालमीच्या हंबीररावांचा. "पूर गेला, चिखल काढला, आता भिताडावर कशाला पायजे त्यो? घरात पावणं येत्यात, बाई!" मी म्हटलं, पावण्यांना सांगा, चित्रकलेची बाई येडी आहे. आठवडाभर कुणी फिरकलं नाही. मी एकटीच डबा आणि ब्रश घेऊन रेघ ओढत बसले होते आणि येणारं-जाणारं माणूस, रेघ कशी वरखाली होतेय, ते मला शिकवून जात होतं.

मग रत्नाबाई मगदूम बाहेर आल्या. त्यांनी आपल्या भिंतीवर जिना काढला. जिन्यात दाटीवाटीनं बसलेली अकरा माणसं आणि एक कुत्रं काढलं. एवढ्यावर थांबल्या असत्या तर गल्लीनं कौतुक केलं असतं. पण त्यांनी जिन्याच्या तळाशी दार काढलं आणि दाराला आतनं कडी घातली. पहिला तासभर त्यांच्या घरानं दार उघडलं नव्हतं. बाहेर छातीभर पाण्यात हंबीरराव म्हाताऱ्या आईला खांद्यावर घेऊन उभे होते. त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

हंबीरराव येऊन त्या कडीसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता भांडण पेटणार. पण ते म्हणाले, "रत्नाबाई, आईच्या हातात छत्री हुती. ती राहिली." मग त्यांनीच ती काढली. छत्री कसली, वांगं दिसत होतं ते, पण मी ते तसंच राहू दिलं. त्याच संध्याकाळी तालमीत बसून, पुन्हा पाणी आलं तर कुणाच्या गच्चीवर कुणी जायचं, याची यादी ठरली. सहा वर्षांत जे झालं नव्हतं ते एका कडीनं केलं. सगळे मला शाबासकी देत होते आणि मी नजर चुकवून ब्रश धूत होते.

कारण गल्लीच्या टोकाला आमचा गोठा होता, आणि त्याची भिंत कोरी होती.

मी लग्न केलं नाही. वहिनी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि थोरला भाऊ आकाराम. मी त्याला आण्णा म्हणते. आण्णाच्या तीन म्हशी होत्या, आणि त्यांतल्या चंद्रीचं एक रेडकू. म्हशी रोज दुधाच्या कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढायचा. पुराच्या दिवशी नाव आली, तेव्हा आण्णा नावेत चढेना. "म्हशी सोडल्याबिगर मी हलत न्हाय." त्याच्या अंगात ताप होता, उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, तू बस, मी सोडून येते. कमरेएवढ्या पाण्यातनं गोठ्यात गेले. काथ्याची दावी भिजून फुगली होती, गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. नखं तुटली, गाठ हलेना. विळा सापडेना. बाहेर नावाडी बोंबलत होता. मी बाहेर आले आणि म्हटलं, "सोडल्या, आण्णा."

आठ दिवसांनी पाणी उतरलं. आण्णा दवाखान्यात होता. मी गोठ्यात शिरले. बरोबर हंबीररावांची पोरं होती आणि समोरच्या धोंडुबाई. तिन्ही म्हशी खुंट्याशीच होत्या. धोंडुबाईंनी तोंडाला पदर लावला आणि म्हणाल्या, "आकारामला सांगू नगंसा कुणी." कुणी सांगितलं नाही. सकाळी कुणाच्या घरात मटण शिजतंय ते दुपारी सगळ्यांना ठाऊक असणारी ही गल्ली, पण ही गोष्ट सहा वर्षं तिनं पोटात ठेवली.

आणि आण्णा? म्हशी पोहतात, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला शिरोळकडं कुठंतरी लागल्या असतील, कुणीतरी बांधल्या असतील, या आशेवर तो सहा वर्षं वडगावच्या जनावरांच्या बाजारात जातोय. परक्यांच्या म्हशींची शिंगं न्याहाळतो. लोक त्याला दलाल समजतात. संध्याकाळी येतो, पाय धुतो आणि म्हणतो, "एक चंद्रीगत हुती, पण न्हवं ती." दर वेळी मी त्याला चहा करून देते. मला माझीच चीड येते.

गोठ्याच्या भिंतीवर काय काढायचं, असं मी त्याला विचारलं तेव्हा तो सहज म्हणाला, "मी कुठं काय बघितलंय? मी नावंत हुतो. तू बघितलंस नव्हं? तिघी पवत चालल्यात, तसं काढ."

रविवारी सकाळी भिंतीसमोर गर्दी झाली. शेवटचीच भिंत ना! मी रेघ ओढली, तीन डोकी काढली, पाठी काढल्या. आण्णा खुर्ची टाकून मागं बसला होता आणि खूश होता. "मोरीचं डावं शिंग खाली वळीव. हां, आता झाली मोरी!" पोरं हसत होती. धोंडुबाई माझ्या कानाशी आल्या. "पवणाऱ्याच काढ, पूर्णे. कुणाचं काय जातंय?" मला त्यांचा राग आला. मग कळलं, राग त्यांचा नव्हता.

"गळ्यात काय नगं," मागनं आण्णा म्हणाला. "मोकळ्याच दाव."

ब्रश थांबला. चार घरं पलीकडं रत्नाबाईंची कडी दिसत होती. ती कडी चित्रात घालायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी गढूळ रंगात ब्रश बुडवला आणि चंद्रीच्या गळ्यातनं खाली दावं ओढलं, थेट खुंट्यापर्यंत. मग मोरीच्या. मग तिसरीच्या. तीन गाठी काढल्या. एका पोरानं "बाई, पण ह्ये दावं..." म्हटलं, आणि कुणीतरी त्याचं तोंड दाबलं.

आण्णा उठून भिंतीजवळ आला.

"गाठ सुटली न्हाय?"

"न्हाय सुटली. दातानं बी ओढली मी. मग बाहेर येऊन तुला खोटं सांगितलं. तू नावंत बसून राहावंस म्हणून."

त्यानं वळून सगळ्यांकडं बघितलं. हंबीरराव चपलेकडं बघत होते. "समद्यास्नी ठावं हुतं?" आण्णानं विचारलं. धोंडुबाई तेवढ्या म्हणाल्या, "व्हय."

त्यानं मला मारावं, डबा लाथाडावा, काहीही करावं, असं मला वाटत होतं. मला ते हवंच होतं. तो रस्त्यातच खाली बसला. चिखल काढताना, घर पुसताना, वहिनीच्या जपून ठेवलेल्या वस्तूंचा पत्र्याचा डबा नुसता गाळानं भरलेला सापडला तेव्हाही न रडलेला माझा भाऊ भर गल्लीत मोठ्यानं रडला. मी शेजारी बसले. त्यानं मला ढकललं नाही, जवळही घेतलं नाही.

मग त्यानं धोतरानं तोंड पुसलं.

"आणि रेडकू? चंद्रीचं? त्येला मी दावं लावतच न्हवतो."

हा प्रश्न येईल, हे मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं. गोठ्यात काय होतं ते मला दिसलं होतं, फक्त मी ते काढलं नव्हतं.

"मोकळंच हुतं," मी म्हटलं. "दार सताड उघडं हुतं, आण्णा. तरी गेलं न्हाय. चंद्रीला चिकटून हुतं."

आण्णानं खाली पडलेला ब्रश उचलून माझ्या हातात दिला.

"मग त्येला बी काढ," तो म्हणाला. "आईच्या पोटाशी काढ."