करकरीचा प्रश्न

घरदुरुस्तीच्या प्रश्नोत्तरांच्या त्या साइटवर सगळे त्याला ‘चष्मा’ म्हणत. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, निवृत्त झाल्यावर फुकटात लोकांचे प्रश्न तपासत बसला होता. शीर्षक एक आणि मजकूर भलताच असला की प्रश्न बंद करायचा, हे त्याचं काम. त्यात तो कुणाची भीडभाड ठेवत नसे.

त्या दुपारी एक प्रश्न आला, ‘दाराची करकर कशी घालवावी?’ खाली उत्तरांचा नुसता पाऊस. तेल घाला, ग्रीस लावा, मेण घासा. मजकूर वाचायची तसदी एकानेही घेतली नव्हती. चष्म्याने वाचला. शेवटची ओळ होती, ‘आज रात्रीच्या आत करकर परत यायला हवी.’

प्रश्न बंद करायला उचललेलं बोट तिथंच थांबलं. करकर परत कुणाला हवी असते?

“अहो, आपल्या दाराला तेल कधी घालताय?” बायकोने आतून विचारलं.

“घालतो, घालतो,” म्हणत त्याने नेहमीसारखी वेळ मारून नेली आणि प्रश्नाखाली लिहिलं, ‘करकर घालवायची आहे की आणायची?’

विचारणारीचं उत्तर लगेच आलं. ‘आणायची. घाईत साइटने सुचवलेलं शीर्षकच निवडलं. माझे वडील हल्ली रात्री उठून चालू लागतात. दार करकरलं की मला जाग यायची. पाहुण्यांची झोपमोड नको म्हणून मीच तेल घातलं. काल बाबा पार पुलापर्यंत गेले.’

‘घंटी बांधा की दाराला.’

‘बांधली होती. काढून उशीखाली ठेवतात. करकर त्यांच्या इतकी अंगवळणी पडलीय की त्यांना ती ऐकूच येत नाही.’

हा प्रश्न चष्मा डोळे झाकून बंद करणार होता. त्याने शीर्षक बदललं, ‘तेल घातलेल्या दाराची करकर परत कशी आणावी?’ तेल-ग्रीसवाली उत्तरं काढून टाकली. मग थट्टेखोर आले, त्यांनाही हाकललं. आणि पाणी पिण्यापुरतासुद्धा उठला नाही.

दिवस कलताना एका सुताराने लिहिलं, ‘बिजागरीचा खिळा उपसा. रॉकेलने धुवा, कोरडा ठणठणीत पुसा आणि तसाच बसवा. कुरकुरेल.’

सकाळी चहाच्या आधीच चष्म्याने साइट उघडली. तिने लिहिलं होतं, ‘दार वाजलं. बाबा उंबऱ्यातच सापडले. मलाच म्हणाले, तू अजून जागीच?’

तो बराच वेळ ते वाचत राहिला. मान वर केली तर बायको तेलाची बाटली घेऊन स्वतःच दारापाशी उभी होती.

“थांब जरा,” तो म्हणाला आणि दार हलवून पाहिलं. “तुला झोपेत ऐकू येतं हे?”

“सगळ्या गल्लीला ऐकू येतं.”

“मग राहू दे,” तो म्हणाला आणि तिच्या हातातली बाटली काढून घेतली.