विमान बोलतंय व्हय?

"स्विच एकदाबी दाबला न्हाय मी. तिला वाटतंय, तीच उडवत्या."

"आयला! आन वहिनींनी पेढं वाटलं की रं त्या दिवशी!"

"वाटू दे की. खूश हाय नव्हं?"

"आन कळलं म्हंजे?"

"कोण सांगणार हाय तिला? विमान बोलतंय व्हय?"

व्हय, बोलतंय. मी तेच विमान बोलतोय. नीट सांगायचं तर ग्लायडर. मला इंजिन नाही, पंखा नाही, आवाज नाही. ज्याला आवाज नाही त्याला कानही नसणार, असं माणसं धरून चालतात. घरात नवी आलेली सून कमी बोलते, म्हणजे तिला ऐकूही कमी येत असेल, असं धरतात ना, तसंच.

हे बोलणं चाललं होतं गाडीच्या डाव्या अंगाला. बोनेटवर थर्मास ठेवून अभिराम आणि त्याचा मित्र शाहबाज चहा पीत होते. गाडीच्या उजव्या अंगाला, सावलीत, अभिरामची, लग्नाला तीन महिने झालेली बायको अनुजा मला मांडीवर घेऊन बसली होती. माझा पंख अंगाला रबरांनी बांधलेला असतो. ती जुने रबर काढून नवे लावत होती. ऐकू नये ते आम्ही दोघांनी एकदमच ऐकलं. तिचा हात थांबला. मग तिनं पुढचा रबर उचलला, ताणला आणि बसवला. एरवी आठ पुरतात. त्या दिवशी तिनं दहा लावले.

माझा जन्म शाहूपुरीतल्या एका फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर झाला. अभिराम दिवसभर विम्याच्या ऑफिसात बसतो आणि घरी आला की त्या टेबलावर. बाल्सा नावाचं एक लाकूड असतं, पापडासारखं हलकं. ते ब्लेडनं कापून त्यानं माझ्या पंखांच्या बरगड्या केल्या. वर रंगीत फिल्म ताणली आणि त्याच्या आईच्या इस्त्रीनं ती शेकून बसवली. मीनाक्षीबाईंना हे कळलं ते दोन साड्यांना पिवळे डाग पडल्यावर. पोटात त्यानं अंगठ्याएवढ्या दोन मोटारी घातल्या, त्या माझी शेपटी हलवतात. एक छोटा रिसीव्हर घातला, तो माझा कान. शाहबाजचं खालच्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे; माझ्या तारा त्यानं जोडल्या. दोघांनी मिळून मला उभं केलं, तेव्हा टोकापासून टोकापर्यंत मी सहा फूट भरलो. टेबलावर मावेना. घरातली माणसं तीन महिने हातात ताट घेऊन जेवली.

मला अभिरामबद्दल वाईट बोलायला जड जातं, ते यामुळंच. त्यानं मला जीव लावून केलं.

अनुजा गडहिंग्लजची. बघायला गेले तेव्हा छंद विचारल्यावर तिची आत्या परस्पर म्हणाली, "भरतकाम." मग दोघांना दहा मिनिटं गच्चीवर सोडलं. तिथं अभिरामनं तिला मोबाइलवर माझा व्हिडिओ दाखवला. बघणारा प्रत्येक जण विचारतो, हे वर कसं जातं? ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे खाली कसं येतं?"

त्या प्रश्नावर तो भाळला. "लग्न झालं की शिकवतो," म्हणाला. घरी आल्या आल्या त्यानं लाल फिल्ममधून अक्षरं कापली आणि माझ्या पंखाखाली चिकटवली. अनुजा. जमिनीवरून मान वर करणाऱ्याला वाचता येतील एवढी मोठी. लग्नात मी स्टेजवर होतो. पावण्यांनी आहेर देऊन झाला की माझ्यासोबतही फोटो काढले. "जावई लई हौशी हाय," असं सगळे तिच्या वडिलांना सांगत होते.

हातकणंगल्याच्या पुढं एक डोंगर आहे. पश्चिमेचा वारा त्याच्या अंगावर आदळतो आणि दुसरी वाट नाही म्हणून वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर घारी तासन्‌तास पंख न हलवता फिरतात. रविवारी उन्हं कलली की त्यांच्यात मीही.

अनुजाचं शिक्षण तिथं सुरू झालं. त्यासाठी दोन रिमोट लागतात. एक मास्तरचा, एक शिकाऊचा. हुकूम मला फक्त मास्तरच्या रिमोटचा ऐकू येतो. शिकाऊ जे सांगेल ते मास्तरच्या रिमोटमधूनच माझ्यापर्यंत पोचतं, आणि तेही मास्तरनं एक स्विच दाबून धरला तर. बोट सुटलं की ताबा परत मास्तरकडं. शिकणाऱ्याचं चुकलंच तर वेळेत सावरता यावं, म्हणून केलेली ही सोय. चांगली सोय आहे. वापरली तर.

"बघ, दिलं हां तुझ्याकडं," अभिराम म्हणायचा.

पहिल्या रविवारी मी वाट बघितली. नवा हात कसा असेल, घाबरेल, घट्ट धरेल, मी डगमगेन, सगळी तयारी ठेवली. पण आला तो जुनाच अंगठा. भाकरी कुणी थापली ते खाणाऱ्याला कळतं, तसं मला हात कळतो. अभिरामचा अंगठा वळणाआधी जरासा दचकतो आणि मग ओढतो. त्या रविवारी तोच दचका आला. पुढच्या रविवारीही. त्यानं स्विच दाबलाच नव्हता. तिरक्या नजरेनं तो तिच्या बोटांकडं बघायचा, ती जे करेल ते अर्ध्या श्वासानं उशिरा स्वतः करायचा, आणि तिला वाटायचं, आपलंच ऐकतंय.

कधी फसायचं. ती डावीकडं ढकलायची आणि मी उजवीकडं जायचो.

"मी डावीकडं घेतलं होतं," ती म्हणायची.

"वारा हाय गं," तो म्हणायचा.

तिनं ते खरं मानलं. वाऱ्याचं नाव उगाच खराब झालं.

चौथ्या रविवारी 'तिनं' मला उतरवलं. शाहबाज टाळ्या पिटत ओरडला, "वहिनी, एक नंबर! मला सहा महिनं लागलं हुतं!" मीनाक्षीबाईंनी घरी माझ्या नाकाला कुंकू लावलं. अनुजानं स्वतः जाऊन पेढे आणले, तिन्ही मजल्यांवर वाटले, आणि गडहिंग्लजला फोन लावला. "आप्पा, मी विमान उतरवलं."

तिचे वडील केरबाआप्पा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं गाडी चालवून आता घरी असतात. घरी म्हणजे रोज स्टँडावर. लाडात आले की लेकीला अव्वा म्हणतात. फोनमधून मला त्यांचा आवाज टेबलापर्यंत ऐकू आला. "अव्वा, मी तीस वर्सं चालिवली, पर जमिनीवरच. तू आभाळात गेलीस!"

मी टेबलावर पडून होतो. नाकावर कुंकू होतं आणि सांगायला तोंड नव्हतं.

तिची म्हणावीत अशी दोनच कामं खरी होती. एक फेकायचं. डोंगराच्या कडेला उभं राहून, मला डोक्यावर धरून, चार पावलं पळून वाऱ्यात सोडून द्यायचं. तिच्याइतकं सरळ मला कुणी सोडत नाही. अभिराम सोडताना नाक जरा वर करतो, शाहबाज चेंडूसारखं फेकतो.

दुसरं काम जोडायचं. मार्चमध्ये एकदा अभिरामनंच मला लांब नेलं आणि मी डोंगराखालच्या उसात पडलो. दोघे पुरुष धावत सुटले. अनुजा जागची हलली नाही. मी दिसेनासा झालो त्या जागेवर बोट रोखून, बोटाच्या रेषेत पलीकडची पाण्याची टाकी धरून, ती पाऊण तास तशीच उभी राहिली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. खालून दोघे ओरडत होते, "डावीकडं का उजवीकडं?" आणि ती दुसऱ्या हातानं खुणा करत होती. तिच्यामुळं मी सापडलो. माझ्या सात बरगड्या मोडल्या होत्या. त्या तिनं चार दुपारी बसून जोडल्या. चिमट्यानं तुकडा धरायचा, गोंदाचा थेंब काडीनं सोडायचा आणि वाळेपर्यंत फुंकरही मारायची नाही. वर नवी फिल्म ताणली, तिला एक सुरकुती नाही. साडीला डागही नाही; तिनं इस्त्रीवर जुना रुमाल गुंडाळला होता.

आणि ज्यानं मला उसात घातलं, तोच गाडीजवळ शाहबाजला सांगत होता, "तिच्या हातात कसं द्यायचं रं? पडलं म्हंजे?"

त्या दिवशी, दहा रबर लावून झाल्यावर, ती मला घेऊन गाडीला वळसा घालून आली. शाहबाजनं कपात बघितलं. अभिराम म्हणाला, "झालं? चला, दे बघू झक्कास एक लँडिंग!"

"हं," ती म्हणाली.

मी फुटलो असतो तरी मला एवढं वाटलं नसतं. पोटात त्याच्या तारा, पंखावर तिचं नाव, आणि फसवणूक झाली ती माझ्याच अंगावर. प्रत्येक वळणाला माझ्या शेपटीनं त्या फसवणुकीला होकार दिला होता.

घरी गेल्यावर आप्पांचा फोन आला. पंधरा दिवसांनी येतो म्हणाले, स्टँडावर सगळ्यांना सांगितलंय, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. नको म्हणायला जागा होती. ऊन आहे, लांब आहे, गुडघे दुखतात तुमचे. तिनं ताटातला भात चिवडत नुसतं म्हटलं, "या."

मधल्या रविवारी ती रिमोट घेऊन उभी राहिली, पण तिनं एकदाही वर बघितलं नाही. ती अभिरामच्या अंगठ्यांकडं बघत होती. कधी ओढतो, किती ओढतो, वाऱ्याची झुळूक आली की काय करतो, उतरताना किती आधी सोडतो. तिची बोटं शिकाऊ रिमोटवर तेच करत होती, आणि माझ्यापर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. अभिरामला हे कळलं नाही. चौथ्या रविवारनंतर तिच्या बोटांकडं बघणंही त्यानं सोडलं होतं; 'डावीकडं घे' म्हणायचा आणि स्वतःच घ्यायचा. ग्लायडर उडवणारा माणूस आभाळावरची नजर काढत नाही. नवऱ्याकडं टक लावून बघायला बायकोला एवढी निवांत जागा दुसरी नसेल.

आज तो रविवार आहे. आता बोलतोय तेव्हा मी डोंगराच्या वर, तीनशे फुटांवर आहे, आणि खालचं सगळं मला दिसतंय.

केरबाआप्पा इस्त्रीची पांढरी टोपी घालून आलेत. मघाशी पंखाखालचं नाव त्यांनी बोट फिरवून वाचलं. अनुजानं मला सोडलं, सरळ, नेहमीसारखं. मग ती अभिरामच्या शेजारी येऊन उभी राहिली, शिकाऊ रिमोट गळ्यात. एक फेरी झाली, दोन झाल्या. आप्पा मान वर करून फिरतायत, टोपी हातानं धरून. "अगागा! घारीच्या वर गेली की पोरगी!"

तिसऱ्या फेरीला अनुजानं गळ्यातला पट्टा काढला. रिमोट गवतावर ठेवला. पदर खोचला, हाताची घडी घातली आणि उभी राहिली.

मी डावीकडं वळलो. सुंदर वळलो. मला दुसरं काय येतं?

"हां अनुजा, शाबास!" अभिराम आभाळाकडं बघत म्हणतोय. "आता जरा उजवीकडं घे... घे... भले! मामा, बघताय न्हवं? मी हातसुदा लावलेला न्हाय!"

शाहबाजनं बघितलं. त्याच्या हातातला चहा तसाच राहिला. आप्पा मान खाली करून लेकीला काहीतरी सांगायला वळले आणि तेही थांबले. गवतावरच्या रिमोटकडं त्यांनी बघितलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा रिमोटकडं.

"भले, अनुजा! बघ, कसं ऐकतंय तुझं!"

"अव्वा," आप्पा हळू म्हणाले, "तू तर हात बांधून उभी हाईस. मग ते कोण चालिवतंय?"

अभिरामनं नजर खाली आणली. आज पहिल्यांदाच. त्याचा अंगठा दचकला आणि मी एका पंखावर कलंडलो. त्यानं मला कसंबसं सावरलं, पण आता तो कुणाकडं बघावं ते न कळून सगळीकडं बघतोय.

मला पडायची भीती कधीच नव्हती. मला पडण्यासाठीच हलकं केलंय, आपटलो तर पंख सुटून बाजूला व्हावा म्हणून रबरांनी बांधलंय. माझं मागणं एकच आहे, आणि ते खाली पोचणार नाही हे मला ठाऊक आहे. जिचं नाव माझ्या पंखाखाली लिहिलंत, तिच्या हातात एकदा तरी मला द्या. 'हे खाली कसं येतं' हे तिनं गच्चीवर विचारलं होतं. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. मग मी टाकीजवळ पडेन, उसात पडेन, कुठंही पडेन.

खाली अनुजा चालायला लागलीय. अभिरामपुढं थांबली. तिनं हात पुढं केला.

"ह्यांनीच चालवलं, आप्पा. तीन महिने ह्यांनीच," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण वर माझ्यापर्यंत आला. "आणा तो रिमोट इकडं."

"अगं, पडंल गं."

"पडू दे. चिकटवायला मला येतंय."