चौथ्या मनोऱ्याचं दार

मी मनोरा. बोलतोय ते रागातच बोलतोय. गोड ऐकायचं असेल तर पुढे पाचवा आहे, त्याच्याकडे जा.

दगड घडवून ज्यांनी मला उभं केलं त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. वर घड्याळ बसलं ते नंतर. त्याला रोज किल्ली द्यायला एक माणूस ठेवला आणि माझ्या पोटात, तळाशी, त्याला खोली दिली. त्याच्यामागे मुलगा, मग नातू. नाव सगळ्यांना एकच पडलं, किल्लीवाला. आता घड्याळ विजेवर चालतं, म्हणजे बहुतेक बंदच असतं. शेवटचा किल्लीवाला खाटेला खिळलाय. त्याची मुलगी खिडकीशी बसून शिलाई मशीन चालवते. तिची चूल पेटते म्हणून माझ्या भिंती कोरड्या आहेत. माणूस गेला की मनोरा आतून कुजतो. तिसऱ्याकडे बघा, नुसती कबुतरांची घाण.

बरं चाललं होतं. मग कुणा दीडशहाण्याच्या डोक्यात आलं, मनोरे बघत फिरायचं, तेही वाटाड्याशिवाय. मोबाइल सांगेल तसं. कानातला आवाज म्हणतो वर बघा, हे वर बघतात. चला म्हणतो, चालू लागतात. मेंढरं तरी मधेच चरायला थांबतात! आणि त्या आवाजाने माझ्याबद्दल सांगून ठेवलंय, "तळाशी किल्लीवाल्याची जुनी खोली आहे, आतून जरूर पाहा." जुनी म्हणे! आत चुलीवर भांडं रटरटतंय.

एकदा एक जोडपं दार ढकलून सरळ आत. बाई म्हाताऱ्यावर वाकली आणि म्हणाली, "अहो, बघा ना, काय हुबेहूब पुतळा केलाय! मिशीसुद्धा खरी वाटते."

"खरीच आहे," म्हातारा म्हणाला. "ओढून बघा."

बाई किंचाळली. नवऱ्याने मात्र फोटो काढलाच.

मुलगी मशीनवरून उठली. "घर आहे हो हे! मी शिरते का तुमच्या घरात अशी?"

"पण यात सांगितलंय, आत जा म्हणून."

"मग चपला कुठे काढायच्या तेही त्यालाच विचारायचं होतं!"

जोडप्याने जाऊन तक्रार केली. लगेच मनोऱ्यांचा कारभार बघणाऱ्या कचेरीतला साहेब हजर. "तुमच्यामुळे पाहुण्यांना त्रास होतो. सोमवारी खोली रिकामी करा."

"आणि बाबांना कुठे नेऊ?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

"साहेब," खाटेवरून म्हातारा बोलला, "मला उचलायला चार माणसं आणा. तशीही लागणारच आहेत."

साहेबाला हसू आलं नाही. मुलगी भिंतीकडे तोंड करून रडली. माझ्याच दगडाला कपाळ टेकून. तेव्हा मी ठरवलं.

सोमवारी साहेब माणसं घेऊन आला. मी दारावरची तुळई जरा खाली सोडली होती. दार चौकटीत असं आवळलं की ढकलून ढकलून त्यांची हाडं खिळखिळी झाली. मुलगी आतून ओरडली, "मी कडी नाही हो लावली!" खरंच नव्हती लावली.

"उद्या सुतार आणतो, चौकटच काढतो," साहेब म्हणाला.

काढ बाबा. त्या चौकटीवर तुळई आहे, तुळईवर भिंत, भिंतीवर घड्याळ, आणि हे सगळं मी दात खाऊन धरलंय ते आत दोन माणसं आहेत म्हणून. त्यांना बाहेर काढलंत, तर माझ्या खाली उभं राहून फोटो काढू नका. एवढंच सांगायचं होतं. आता निघा.