ऑस्लाउगची हरकत

मी दुसऱ्यांची पुस्तकं काढतो. कुणा मेलेल्या लेखकाची कादंबरी घ्यायची, नाहीतर कुणा थोर माणसाचं आयुष्य घ्यायचं, आणि त्याचं कॉमिक करायचं, हा माझा तीस वर्षांचा धंदा. ग्रंथालयात माझी पुस्तकं अजूनही लहान मुलांच्या कप्प्यात, बोलक्या प्राण्यांच्या शेजारी ठेवतात. शाळेतले मास्तर माझा हात हातात घेऊन सांगतात, "वाचायचा कंटाळा असलेल्या पोरांसाठी फार छान." आणि वर्तमानपत्रातल्या परीक्षणांचं शेवटचं वाक्य ठरलेलं: हे पाहून मूळ पुस्तक वाचावंसं वाटतं. अरे, मग वाचा की. मी काय मूळ पुस्तकाच्या जाहिरातीसाठी पाठीचा कणा वाकवून घेतला?

त्यात आमच्या लोकांची खोड. ध्रुवाकडे गेलेल्या एका माणसाचं चरित्र मी चार वर्षं खपून काढलं. त्याच्या एकटेपणावर एक अख्खं प्रकरण होतं, एकही शब्द नसलेलं, नुसता बर्फ. वाचकांची पत्रं आली ती बर्फगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या पट्ट्यांबद्दल. बकल दुसऱ्या बाजूला असतं म्हणे. एकटेपणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्यावरून मी धडा घेतला, की पुढच्या वेळी बकल नीट काढायचं.

मग 'भरतीची रेघ' हातात आली. ओडगाइर स्त्रांदची ही कादंबरी आमच्या किनाऱ्यावर शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने वाचली आहे. नवरा हेरिंगच्या मासेमारीवर गेलेला, बायको बेटावर एकटी, हिवाळ्यात ती आजारी पडते, वाऱ्यामुळे होडी डॉक्टरपर्यंत पोचत नाही, आणि तिची सहा वर्षांची मुलगी खिडकीशी बसून राहते. ओडगाइरने ते स्वतःच्या घरातलं लिहिलं होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मेलेली बाई त्याची बायको. खिडकीशी बसलेली मुलगी म्हणजे ऑस्लाउग, आता ऐंशी पार केलेली. ती अजून ब्राटेय बेटावर त्याच घरी राहते, आणि बापाच्या पुस्तकांचे हक्क तिच्याकडे आहेत.

करार असा होता, की ऑस्लाउगने पानं पाहून हो म्हटल्याशिवाय छपाई नाही आणि जून संपेपर्यंत हो आलं नाही तर पुस्तक रद्द. माझी तीन वर्षं त्या एका 'हो'वर टांगलेली होती. आमच्याकडे राजा सोडला तर सगळ्यांना अरे-तुरेच चालतं, तरी या बाईला 'तू' म्हणताना पहिल्या दिवशी माझी जीभ अडखळली.

ऑक्टोबरात मी सगळी पानं घेऊन बोटीने गेलो. तिने वॉफल केले, वर तपकिरी चीजचे काप ठेवले, कॉफी ओतली. पानं ठेवून घेतली, दुसऱ्या दिवशी सकाळी परत बोलावलं. मी धक्क्याजवळच्या भाड्याच्या खोलीत रात्र काढली आणि गेलो.

"छान काढलंयस," ती म्हणाली. "पण आमच्या होडीला बाजूला तीन फळ्या होत्या. तू चार काढल्यास."

मी तोंडातला घास गिळला. होडी जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या पानावर होती. घरी येऊन फेब्रुवारीपर्यंत मी फळ्या उडवत बसलो.

फेब्रुवारीत परत गेलो. होडी पास झाली. "पण चूल दाराच्या या अंगाला होती," ती म्हणाली. "आणि आमच्या मेंढ्यांच्या कानाला खुणेचा असा काप नसायचा. हा शेजाऱ्यांचा काप झाला. त्यांच्या मेंढ्या आमच्या घरात कशाला येतील?"

"मेंढी कोपऱ्यात एवढीशी दिसते, ऑस्लाउग."

"शेजाऱ्यांना दिसेल ना."

एप्रिलमध्ये ॲप्रनच्या गाठीत चूक निघाली, मग खिडकीच्या कडीकोयंड्यात. माझी संपादक तोरुन फोनवर म्हणाली, "हालवार, ती म्हातारी तुला नाचवतेय आणि तू पैंजण घालून उभा आहेस." मी म्हटलं, आमच्या लोकांचं हे असंच असतं, तपशील बरोबर आला की ती सुटेल. मला खरंच तसं वाटत होतं. रागावायचं, शिव्या घालायच्या आणि पुन्हा रबर घ्यायचं, यात माझा हिवाळा गेला, वसंतही गेला. मनगट सुजलं. बायको म्हणायची, "तू झोपेत मेंढ्यांचे कान बरोबर करतोस."

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शेवटचा गेलो. पानं टेबलावर ठेवली. ती चष्मा लावून सावकाश उलटत राहिली. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. शेवटी तिचा हात थांबला.

"हा दिवा..." ती म्हणाली.

"दिव्याचं काय?"

"याची काच एवढी फुगीर नव्हती."

माझं डोकं फिरलं. मी उठून उभा राहिलो. "तुला हे पुस्तक येऊच द्यायचं नाहीये. दिव्याचं नाव कशाला पुढे करतेस? काच बदलून आणली तर तू वातीवर येशील. नाही म्हणायचं तर नाही म्हण, मी आत्ता बोटीत बसतो. पण माझं आयुष्य फळ्या मोजण्यात घालवू नकोस."

एवढं बोलल्यावर मला लाजही वाटली. आमच्याकडे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात असं कुणी ओरडत नाही. ऑस्लाउगने चष्मा काढला, ॲप्रनने पुसला, परत घातला नाही.

"बाबांनी पुस्तकात तिचा चेहरा लिहिलेला नाही," ती म्हणाली. "लक्षात आलंय तुझ्या?"

आलं होतं. पहिल्याच पानावर आलं होतं. अख्ख्या कादंबरीत त्या बाईचे हात आहेत, खोकला आहे, गुणगुणणं आहे, चेहरा नाही. आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. लेखक न लिहून मोकळा होतो. मला नाक काढावंच लागतं.

"मी विचारलं होतं त्यांना, मोठी झाल्यावर. आईचा चेहरा का नाही लिहिला? म्हणाले, तो तुझ्याकडे आहे, मी कशाला लिहू." तिने चष्मा घडी करून टेबलावर ठेवला. "फोटो नव्हता. एक होता तो नावेच्या खोपटाबरोबर जळाला. पण चेहरा माझ्याकडे होता, हालवार. रोज यायचा. भांडी घासताना, अंथरुणात पडल्यावर. एवढ्या वर्षांत एक दिवस चुकला नाही."

मी खाली बसलो.

"ऑक्टोबरात तू पानं दिलीस. मी त्या संध्याकाळी सगळी पाहिली. पुन्हा पाहिली. छान होती, म्हणून पाहिली. त्या दिवसापासून डोळे मिटले की तुझी बाई येते. आई येत नाही."

"मग तेव्हाच सांगायचंस."

"काय सांगू? चित्र बरं काढलंस म्हणून राग आलाय असं सांगू?" तिने पानांचा गठ्ठा सरळ केला. "म्हटलं पानं परत परत मागवावीत. एखाद्या वेळी तुझा हात चुकेल, चेहरा बिघडेल, मग आई परत आत शिरेल. तू होड्या बदलल्यास. चेहरा तसाच."

"तो मी काढून टाकतो," मी म्हटलं. "प्रत्येक चौकटीत तिला पाठमोरी करतो. मुदत मी वाढवून घेईन. नाहीतर राहू दे पुस्तक, रद्द करू."

हे मी मनापासून बोललो. तीस वर्षं मला एकच हवं होतं, की कुणीतरी म्हणावं, मूळ पुस्तक विसरलो, तुझं चित्र तेवढं डोळ्यांपुढे राहिलं. ते म्हणणारं माणूस मिळालं आणि ते हे.

"कागदावरची पुसशील," ऑस्लाउग म्हणाली. "माझ्या डोळ्यांतली कशी पुसशील?"

तिने वॉफलची ताटली माझ्याकडे सरकवली. मी हात लावला नाही. ती चष्मा लावून बराच वेळ पानं चाळत राहिली, या वेळी भराभर, काहीतरी शोधत असल्यासारखी. मला वाटलं, आता पुन्हा कडीकोयंडा.

"छाप," ती म्हणाली. "चेहऱ्यासकट. आता मला हीच आहे. हीसुद्धा गेली तर मी काय करू? पण एक आहे."

"सांग."

"अख्ख्या पुस्तकात ही चुलीकडे बघते, समुद्राकडे बघते, दाराकडे बघते. मुलीकडे एकदाही बघत नाही."

मी गठ्ठा ओढून घेतला आणि पहिल्या पानापासून पाहिलं. ती म्हणत होती ते खरं होतं. वाऱ्याकडे, दिव्याकडे, रिकाम्या धक्क्याकडे बघणारी बाई मी किती हौसेने काढली होती. परीक्षण करणाऱ्यांना आवडलं असतं. मुलगी प्रत्येक वेळी कोपऱ्यात आणि बाईची मान दुसरीकडे. ऑक्टोबरपासून मी फळ्या मोजल्या आणि हे माझ्या नजरेला पडलं नव्हतं.

मी पिशवीतून पेन्सिल आणि कोरे कागद काढले. ऑस्लाउग उठली, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि तिने तळवा टेबलाच्या कडेच्या जरा वर आडवा धरला.

"मी एवढी होते," ती म्हणाली. "इथून दिसेल अशी काढ."

मी खाली वाकून तिच्या तळव्याच्या उंचीवरून वर पाहिलं आणि काढायला लागलो. पहिल्या चित्रात बाईचे डोळे माझ्या डोक्यावरून पलीकडे गेले. दुसऱ्यातही गेले. मी तो कागदही चुरगळला. ऑस्लाउगने हात खाली घेतला नव्हता.

"घाई करू नकोस," ती म्हणाली. "ती बघेपर्यंत मी उभी राहते."