शेठ, तुमी धुवून दावा

दिवाळी झाली आणि कोलाडजवळची कातकरवाडी रिकामी झाली. कोणी कोळशाच्या भट्टीवर गेलं, कोणी विटांच्या. पारीचा नवरा बुधाही गेला. मागे राहिली पारी, चौथीतली पूजा आणि बंद झोपड्यांच्या दारांत झोपणारी कुत्री. पोरीची शाळा बुडू नये एवढ्यासाठी पारी थांबली होती. "एकटी मरशील हितं," असं बुधा जाताना म्हणाला होता. खोटं नव्हतं ते. संध्याकाळी अख्ख्या वाडीत धूर निघायचा तो तिच्या एकटीच्या घरातून. तरी ती हट्टाने राहिली.

आणि जानेवारीत पूजाच म्हणाली, "आये, मी शालंत नाय जानार. बाबाकडं भट्टीवर चल."

"का गो? कुनी मारलं?"

"प्रतिज्ञेला हात पुढं करायचा असतो. केला का सदरा काखेत उसवतो, पोरं हसतात. नाय केला तर बाई वर्गाभायेर उभी करतात."

गणवेश सरकारी, फुकटचा. पुरवणारा पेणच्या रामवाडीचा कमळाकरशेठ. दाखवलेला नमुना चांगला जाड होता. गठ्ठ्यातून निघालं ते कापड असं, की मच्छरदाणी परवडली. गावातल्या आईबापांनी रोह्याच्या बाजारातून पोरांना दुसरा गणवेश आणला. वाड्यांवरच्या पोरांच्या अंगावर तोच राहिला, आणि हे लेकरू कुठलं ते लांबूनच कळू लागलं.

पारीला मात्र चूक आपलीच वाटत होती. पहिल्या धुण्यात रंग गेला तेव्हा शेठ शाळेत सगळ्यांसमोर म्हणाला होता, "माल एक नंबर आहे हो. या लोकांना धुता कुठं येतं? दगडावर बडवतात." तेव्हापासून ती तो सदरा तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसा धुवायची. तरी तो विरतच गेला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा, आणि आपण शिकलेली माणसं त्यांना मान डोलावतो.

प्रजासत्ताक दिनाच्या तोंडावर गणवेशाचा दुसरा जोड आला. वर्ष संपत आल्यावर! वाटपाच्या फोटोसाठी शेठ स्वतः हजर. पारी पालक म्हणून शाळेच्या समितीवर होती.

"पारीबाई, पुढं या. गणवेश धरा, जरा हसा," हेडमास्तर म्हणाले.

पारीने गणवेश घेतला. पिशवीतून साबणाची वडी काढली आणि नळाखालची भरलेली बादली ओढून शेठपुढे ठेवली.

"शेठ, मना धुवाया येत नाय. तुमी धुवून दावा, मी शिकते."

"काय नाटक आहे हे? फुकट मिळतं ना, म्हणून किंमत नाही!"

"पोरीची शाला मना फुकट नाय, शेठ. तिच्यापायी मी वाडीत एकटी रायलेय."

शेठ जागचा हलला नाही. शेवटी वर्गशिक्षिका दिपिकाबाई पुढे आल्या. पूजाला बाहेर उभं करणाऱ्या त्याच. त्यांनी सदरा हलक्या हाताने बुचकळला. पाणी निळं झालं. पिळताना काखेची शिवण सुटली. बाईंना पूजाकडे बघवेना.

"आमाला ह्यो नको," पारी म्हणाली.

पण आसपासच्या वाड्यांवरून आलेल्या बाकीच्या आया? फुकटचं कशाला सोडा म्हणत एकेकीने गणवेश घेतलाच. फोटोही निघाला, पारीला वगळून. मायलेकी रिकाम्या वाडीकडे निघाल्या तेव्हा थांब गो, येते सोबत, असं एकीनेही म्हटलं नाही. पारी वाटेत रडली, आणि पूजाने तिचा हात घट्ट धरला.

सव्वीस जानेवारीला पूजा घरच्या झग्यात शाळेत गेली. रांगेत तेवढी एकच वेगळी. दिपिकाबाईंनी तिला कोणालाही हटकू दिलं नाही. प्रतिज्ञा सुरू झाली आणि पूजाने हात खांद्याइतका सरळ पुढे केला. कुंपणापलीकडे पारी एकटीच उभी राहून बघत होती. शेठच्या नव्या सदऱ्यांतले कितीतरी हात मात्र अंगाशी आखडलेले होते.

वाचकहो, आपल्या गावच्या शाळेतही असे हात असतील. पुढच्या खेपेला झेंड्याकडे बघून झालं, की त्यांच्याकडेही बघा.