सासऱ्यांनी घडवलेलं दार

माझे सासरे सुतार. शहरातल्या त्या प्रसिद्ध देवळाचं मोठं दार त्यांनी तरुणपणी तीन महिने खपून घडवलं. पण दार बसवलं तेव्हा आत मूर्ती यायची होती, आणि त्याच दिवशी त्यांना दुसऱ्या गावच्या कामावर जावं लागलं, आणि दर्शनाला जायचं राहिलं ते राहिलंच. शेवटी गेल्या रविवारी मीच हट्टाने त्यांना घेऊन गेले.

दोन तास रांगेत ताटकळून आम्ही दाराशी पोचलो, तर मामंजी तिथेच थबकले. देव समोर दिसत होता, पण हे आपले दाराच्या फळीवरून हात फिरवत राहिले. मागची माणसं कुरकुरू लागली.

"आजोबा, पुढे सरका!" रखवालदार ओरडला.

"अहो, हे दार यांनीच केलंय," मी म्हणाले.

त्याचा आवाज एकदम उतरला. "मग सांगा ना, लावताना हे खाली का घासतं? रोज खांदा लावावा लागतो."

मामंजी गुडघ्यांवर हात टेकून वाकले. "फरशी नवी घातलीत ना? दार बिचारं होतं तिथेच आहे, जमीनच वर आली. खालून दोन सूत रंधा मारा, मग मुकाट्याने लागेल."

रखवालदार खूश झाला. त्याने आम्हाला बाजूच्या कठड्याशी उभं केलं, आणि मामंजींना अगदी पोटभर दर्शन मिळालं.

बाहेर पायरीवर टेकल्यावर मी विचारलं, "काय मागितलंत?"

"मागायचं कुठे सुचलं गं," ते हसत म्हणाले. "नुसता बघतच राहिलो."