चुन्याखालची भेग

फेब्रुवारीत तोफेचा गोळा परसात पडला, तेव्हा ओदार्काच्या स्वयंपाकघराची भिंत पायापासून छपरापर्यंत फाटली. युक्रेनमधल्या खेर्सोनकडच्या त्या गावात हिवाळ्याआधी काही घरं नव्याने बांधून मिळणार होती. त्या यादीत नाव लागलं नाही, तर पुढच्या बर्फाचं ओझं ही भिंत पेलणार नाही, हे ओदार्काला पक्कं ठाऊक होतं.

जूनमध्ये पाहणीला आलेल्या इंजिनियर रोस्तिस्लावने भिंतीवरून तळहात फिरवला. भिंत लख्ख पांढरी होती.

"आजी, भेग कुठाय?"

"चुन्याखाली."

"चुना कुणी मारला?"

"मी. ईस्टर नव्हता का?"

गावकचेरीची सचिव झिनाईदा फिसकन हसली. "घरोघर जाऊन सांगितलं होतं, पाहणी होईपर्यंत हात लावू नका. पण ओदार्कामावशीचं घर सणाला काळं दिसलं तर येशू उठायचाच नाही!"

"तुझ्या घराला चुना नव्हता. म्हणून यादीत पहिलं नाव तुझं लागलं होय गं?"

झिनाईदाचं हसू मावळलं.

पन्नास वर्षं दर वसंतात ओदार्काने सणाआधी घर पांढरं केलं होतं. यंदा आधी माती-गवताचा लगदा भेगेत ठासला, मग वर चुन्याचे दोन हात दिले. फोटो काढून ठेवावा, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

"किरकोळ नुकसान," रोस्तिस्लाव लिहू लागला. "खिडक्यांना प्लास्टिक मिळेल."

ओदार्काने परसाच्या कोपऱ्यातली कुदळ उचलली.

"मारा खुशाल," तो मान वर न करता म्हणाला. "भिंत मालकिणीने फोडली, असं लिहीन."

तिने कुदळ टाकली. आतून स्टूल आणलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. "मग बस इथे. बसून लिही."

"मी उभा बरा आहे."

"भिंत मजबूत आहे ना? बस की! इंजिनियर तू आहेस, मी थोडीच आहे."

रस्त्यावरून लष्करी ट्रक धडधडत गेला. चुन्याचे पापुद्रे स्टुलावर सांडले. रोस्तिस्लाव चटकन दोन पावलं मागे सरला, आणि ते तिघांनीही पाहिलं.

त्याने चरफडत कागद फाडला, दुसरा घेतला. "राहण्यास अयोग्य. नाव यादीत जाईल. पण मग लिहावं लागेल, इथे कोणी राहत नाही."

"मी राहते."

"राहता, तर घर राहण्याजोगं आहे. एक काहीतरी ठरवा."

झिनाईदा गोड आवाजात म्हणाली, "आणि कोणी राहत नाही त्या घराला सरपण मिळत नाही, मावशी. धान्याचं खोकंही नाही. सरपणाच्या यादीतून मी स्वतः नाव खोडीन."

"खोडशील गं. तेवढं तुला छान जमतं."

पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या वर्षीच्या फळ्या होत्या, तळघरात बटाटे. ओदार्काने मनाशी हिशेब केला. हिवाळ्याला पुरेल असं काही ते निघेना. तरी तिने पेन ओढून घेतलं आणि सही केली.

ऊन चढलं होतं. फाटकाबाहेर पडून कागदाची घडी करत रोस्तिस्लाव म्हणाला, "आजी, घोटभर पाणी द्या."

"कोण देणार?" ओदार्का फाटक लावत म्हणाली. "इथे कोणी राहत नाही."